बांधलेले दप्तर, चालते दप्तर

तंजावर आणि कुंभकोणम् यांच्या दरम्यान, कावेरीच्या सुपीक खोऱ्यात पापनाशम् हे गाव आहे. तेथील पालैवननाथ मंदिराच्या आवारात विटांनी बांधलेले एक प्रचंड धान्यकोठार आजही उभे आहे. ते नायक राजवटीतील, सतराव्या शतकातले. भातशेतीच्या या प्रदेशात धान्य साठवणे हा कारभाराचाच एक भाग होता. परंतु धान्य नुसते साठवून भागत नाही. कोणाकडून किती आले, कोणाला किती दिले, शिल्लक किती, हे लिहून ठेवावे लागते. आणि लिहिलेले हवे तेव्हा सापडावे लागते. नोंद हरवली, तर भरलेले कोठारही वादाचे कारण ठरते.

१६७६ च्या सुमारास हा मुलूख व्यंकोजीराजे भोसले यांच्या ताब्यात आला आणि तंजावरच्या राजवाड्यातील दप्तरात मराठी भाषा व मोडी लिपी रुजली. कामाच्या ठिकाणी ज्ञान कसे सांभाळले जाते आणि ते हातचे कसे जाते, हे या दप्तराच्या आधारे आपण या पाठात पाहणार आहोत.

दप्तर म्हटले की आज शाळेत जाणाऱ्या मुलाची पिशवी डोळ्यांपुढे येते. मुळात हा शब्द कारभारातील कागदपत्रांचा. हिशेब, पत्रे, आज्ञा यांचे कागद कापडात बांधून ठेवत. त्या बांधणीला ‘रुमाल’ म्हणत. कागद लिहिण्यासाठी वापरली जाणारी मोडी लिपी हीसुद्धा काम जलद करण्याची एक युक्तीच होती. आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग लेखणी शक्य तितकी कमी उचलत अक्षरे जोडत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळायचा नाही, नेहमीचे शब्द संक्षेपाने लिहायचे. त्यामुळे कारकुनाचा वेळ वाचे. मात्र वाचलेला वेळ फुकट मिळत नाही. लिहिणाऱ्याचे श्रम कमी झाले, तेवढे वाचणाऱ्याचे वाढले. संक्षेपाचा अर्थ, संदर्भ, त्या कचेरीची रीत हे सारे ठाऊक असणाराच तो कागद सहज वाचू शके. दप्तराचा अर्धा भाग कागदावर होता आणि अर्धा कारकुनाच्या डोक्यात.

सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळात या व्यवस्थेला निराळेच वळण मिळाले. १७९९ च्या तहाने राज्याचा बहुतेक कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांच्या हाती तंजावरचा किल्ला आणि त्याच्या आसपासचा थोडा भाग उरला. सत्ता आटली तेव्हा त्यांनी आपले लक्ष ज्ञानाच्या संग्रहाकडे वळवले. सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांबरोबर युरोपीय भाषांतील पुस्तकेही त्यांनी जमवली. विकत मिळेना ते नकलून घेतले. १८०५ मध्ये त्यांनी देवनागरी छापखाना सुरू केला.

त्यांच्या धन्वंतरी महालातील पद्धत विशेष लक्ष देण्याजोगी आहे. तेथे रोग्यांवर उपचार होत आणि त्या उपचारांची टिपणेही ठेवली जात. डोळ्यांच्या रोग्यांच्या उपलब्ध टिपणांत आजाराची लक्षणे व केलेले उपचार यांसोबत रोगग्रस्त डोळ्यांची चित्रेही आढळतात. गुणकारी ठरलेली औषधे ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने तमिळ पद्यांत गुंफली गेली. पद्य का? ते पाठ करता येते, आणि तमिळ ही स्थानिक वैद्याची भाषा. दरबार मराठी असतानाही ज्ञान ज्याच्या उपयोगी पडायचे त्याच्या भाषेत ते ठेवले गेले, हे साधे काम नव्हे. पुष्कळ आधुनिक कार्यालयांना अद्याप ते जमलेले नाही.

१८५५ मध्ये पुरुष वारस नसल्याचे कारण देऊन कंपनीने तंजावरचे संस्थान खालसा केले. कागद जागेवर राहिले. ज्यांच्यामुळे ते बोलत होते ती माणसे पांगली. ग्रंथसंग्रहात काय आहे हे बाहेरच्या अभ्यासकाला कळावे, यासाठी आर्थर बर्नेल या इंग्रज अधिकाऱ्याने संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची तयार केली. ती १८८० साली प्रसिद्ध झाली. ग्रंथालय सर्वांना खुले झाले ते १९१८ मध्ये. म्हणजे सूची आधी, दार नंतर. आणि हा क्रम योग्यच होता. मोडी रुमालांचे नशीब एवढे चांगले नव्हते. त्यांना सूची पुरेशी नव्हती, वाचक हवा होता. पुढे १९८१ मध्ये तंजावरला स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा ज्या प्रदेशाचा हा इतिहास त्या प्रदेशातील लोकांना तो वाचता आला.

लिहिलेल्या कागदाआड राहून जाणाऱ्या अशा जाणकारीला अभ्यासक ‘अव्यक्त ज्ञान’ म्हणतात. तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात ही कल्पना मांडली. इकुजिरो नोनाका व हिरोताका ताकेउची या जपानी अभ्यासकांनी १९९५ मध्ये उद्योगांच्या संदर्भात ती विस्ताराने तपासली. अव्यक्त ज्ञान सोबत काम करूनच दुसऱ्याकडे जाते, आणि ते वेळीच शब्दांत उतरवले नाही तर माणसाबरोबर निघून जाते. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठवाड्यातील जुन्या कुणबी नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा अनेक ठिकाणी मोडी जाणणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. नोंद आहे, पण ती वाचणारा नाही, अशा वेळी नागरिकाचा अर्ज अडकून राहतो.

मोडी लिपी नसलेल्या कचेरीतही हीच अडचण वेगळ्या रूपात दिसते. अमुक प्रकरण कोठे आहे, हे एकाच लिपिकाला ठाऊक असते. तो रजेवर गेला की काम थांबते. १९८० च्या दशकात अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी या दुखण्यावर उपाय केला. अडगळीचे कागद निकाली काढणे, अभिलेख लावून ठेवणे, कामाच्या पद्धती लिहून काढणे, बसण्याची रचना बदलणे अशा सुधारणा त्यांनी केल्या. त्या ‘लखीना पॅटर्न’ या नावाने ओळखल्या जातात. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत ‘सहा गठ्ठे पद्धत’ही प्रचलित आहे. प्रलंबित प्रकरणे, उत्तराच्या प्रतीक्षेतील प्रकरणे, ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात द्यायचे कागद आणि नष्ट करायचे कागद हे वेगवेगळे ठेवायचे, एवढीच ती पद्धत. यांतील सहाव्या गठ्ठ्याकडे सहसा दुर्लक्ष होते. टाकून द्यायचे ते टाकले नाही, की ठेवायचे तेही सापडत नाही. चौथ्या गठ्ठ्याचे महत्त्व नव्या कर्मचाऱ्याला विचारावे: कोणते काम कोणत्या आदेशाने व कसे करायचे, हे त्याला कोणाच्या मिनतवाऱ्या न करता कळते.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या चौथ्या कलमाने तर अभिलेखांचे सूचीकरण हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्यच ठरवले आहे. संगणक आल्याने रुमाल सोडण्याचे श्रम वाचले, हे खरे. तरीही हजार कागदांची छायाचित्रे संगणकात भरून त्यांना केवळ क्रमांक दिले, तर हवा तो कागद शोधताना एकेक चित्र उघडूनच पाहावे लागते. कागद साठवतानाच त्याचा विषय, दिनांक, गाव आणि संबंधित विभाग यांची नोंद केली, तर हेच काम काही क्षणांत होते. ही नोंद कोणी करायची व कधी करायची, हे कार्यालयाने आधी ठरवून द्यावे लागते. संगणक ते ठरवत नाही.