आधी पेडल, मग रिग

प्रश्न : घरी चांगला गेमिंग कॉम्प्युटर आहे. ऑनलाइन सिम रेसिंगच्या स्पर्धांत उतरायचे आहे. महागडी रिग आधी घ्यावी का? – एक विद्यार्थी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : रिगची, म्हणजे सीट, स्टिअरिंग आणि पेडल बसवायच्या चौकटीची, घाई करू नका. लॉजिटेक जी २९ सारखे फोर्स फीडबॅक देणारे स्टिअरिंग आणि ते घट्ट आवळता येईल असे जड टेबल, एवढ्यावर सुरुवात होते. पुढे पैसे जमले की ते ब्रेकवर घाला. लोड सेलचा ब्रेक पेडल किती खाली गेले ते न पाहता पायाचा दाब मोजतो, आणि पायाला दाबच नेमका लक्षात राहतो. वेळ खरा ब्रेकिंगमध्येच सापडतो.

खेळ कोणता? असेटो कोर्सा एकदाच विकत घ्यावा लागतो, सरावाला उत्तम. स्पर्धेसाठी मात्र मी आयरेसिंगच सांगेन. त्याचे शुल्क सतत भरावे लागते, पण शिस्त तिथे लागते. ‘रुकी’ परवान्यापासून सुरुवात होते. धडक झाली की सेफ्टी रेटिंग घसरते, चूक कोणाचीही असो. म्हणून सुरुवातीच्या शर्यतींत पहिल्या वळणावर जागा सोडा. जिंकण्यापेक्षा गाडी शेवटापर्यंत न्या. वायफायऐवजी लॅन केबल लावा. तुमची गाडी इतरांच्या पडद्यावर उड्या मारू लागली, तर त्यांचीही शर्यत बिघडते.

आणि तुम्ही कोल्हापूरचे आहात! हुपरीजवळच्या मोहितेंच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. वळणावर शरीर बाहेर फेकले जाते, ती जाणीव टेबलावरचे चाक देत नाही. एकदा तिथे कार्ट नक्की चालवा.