‘पूर्ण युरोप’मध्ये स्वित्झर्लंड नव्हतं

ओळखीतलं कुणी युरोपला निघालं की मी हल्ली एकच विचारते: ई-सिम घेतलंत का, आणि घेतलं असेल तर त्यात स्वित्झर्लंड आहे का? बहुतेक जण म्हणतात, "अहो, युरोपचंच घेतलंय." मग मी त्यांना समोर बसवते आणि प्लॅनमधली देशांची यादी उघडायला लावते. काही जणांना हा आगाऊपणा वाटतो. वाटू दे. माझ्या सासूबाईंना त्या दिवशी झ्युरिक स्टेशनवर जे बसून राहावं लागलं, ते मी विसरलेले नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण परत आल्यावर जो तो मलाच विचारत होता, "आधी चौकशी नाही का केलीस?" केली होती, तीही लेखी. आमच्या टूरची बुकिंग करणाऱ्यांनी पुण्यातल्या एका विक्रेत्याचा नंबर दिला होता. त्याला मी व्हॉट्सॲपवर लिहिलं, "आधी पॅरिस, मग स्वित्झर्लंड, तिथून ऑस्ट्रिया. तिन्हीकडे चालेल ना?" उत्तर आलं, "हो मॅडम, पूर्ण युरोप. बिनधास्त जा." पुढे अंगठ्याचं चित्र. तो मेसेज मी अजून पुसलेला नाही.

पॅरिसमध्ये काही तक्रार नव्हती. मेट्रोचे रस्ते, घरी व्हिडिओ कॉल, सगळं सुरळीत चाललं. मग गार द लियाँहून झ्युरिकची गाडी पकडली. म्युलूझ मागे पडलं, बाझल आलं आणि फोनच्या नकाशावरचा निळा ठिपका जागच्या जागी थांबला. ह्यांना वाटलं, बोगदा असेल. पण त्याच वेळी माझ्या भारतीय सिमवर स्वित्झर्लंडमध्ये स्वागत करणारा मेसेज येऊन पडला. म्हणजे नेटवर्क होतं, फक्त आमच्या ई-सिमसाठी नव्हतं. सेटिंगमध्ये जाऊन मी नेटवर्क हाताने निवडायला घेतलं. स्विसकॉम, सनराइज, सॉल्ट, तिन्ही नावं समोर होती. एकेकावर बोट ठेवलं की थोडा वेळ गोल फिरायचं आणि नोंदणी होत नाही असं यायचं. तिसऱ्या नावालाही नकार आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की यात बिघाड कसलाच नाही. या सिमला या देशात परवानगीच नाही, आणि हे विकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून कळायला हवं होतं.

गाडीतलं वाय-फाय अधूनमधून लागत होतं. त्यावरून मी त्याला गाठलं. "फोन रिस्टार्ट करा मॅडम." केला होता. "एरोप्लेन मोड ऑन-ऑफ करा." तेही झालं होतं. बऱ्याच वेळाने लिहून आलं, "प्लॅनच्या कव्हरेजमध्ये स्वित्झर्लंड नाहीये मॅडम. लिंकमध्ये लिस्ट दिली होती, चेक करायला पाहिजे होती." मी त्याचाच ‘पूर्ण युरोप’वाला मेसेज त्याला परत पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही. तिकडे पुण्यात संध्याकाळ झाली होती. शेवटी एवढंच आलं, "ऑफिस बंद होतंय, उद्या सीनियरशी बोलून सांगतो." सॉरी हा शब्द त्यात नव्हता आणि आजतागायत तो आलेला नाही. पैशांपेक्षा मला हे लागलं. चूक कुणाकडूनही होते, पण ती गिऱ्हाइकाच्या माथी मारायची ही कुठली रीत?

मुलगा श्टुटगार्टहून येऊन आम्हाला झ्युरिकला भेटणार होता. त्याची गाडी उशिरा धावत होती आणि तो ते मला व्हॉट्सॲपवर कळवत होता. मला त्यातलं काही पोचत नव्हतं. भारतीय सिम फक्त ओटीपीपुरतं चालू ठेवलेलं, त्यावर रोमिंग पॅक नाही, फोन लागेना. स्टेशनवरच्या फुकट वाय-फायसाठी मोबाइलवर कोड मागवावा लागत होता आणि तो कोड काही येईना. सासूबाई ऐंशीच्या घरातल्या, गुडघ्यांनी जेरीस आलेल्या. त्यांना बाकावर बसवून मी आणि हे आळीपाळीने फलाटांच्या टोकाला जाऊन गर्दीत मुलाला शोधत होतो. दर थोड्या वेळाने त्या विचारायच्या, "आला का गं?" तो आला, त्याने स्वतःच्या फोनचं हॉटस्पॉट दिलं आणि तिथेच बसून स्वित्झर्लंड असलेलं दुसरं ई-सिम घेऊन दिलं. त्याचं जर्मन सिम मात्र सीमा ओलांडूनही छान चाललं होतं, कारण त्याच्या कंपनीने स्वित्झर्लंड स्वतःहून प्लॅनमध्ये घेतलेलं होतं.

हे असं का होतं, ते मी नंतर नीट समजून घेतलं. 15 जून 2017 पासून युरोपियन युनियनमध्ये नियम आहे की एका सदस्य देशाचं सिम दुसऱ्या सदस्य देशात जादा आकार न लावता चालावं. त्यासाठी कंपन्यांनी एकमेकींना किती पैसे लावायचे, यावरही मर्यादा घातलेली आहे. नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनश्टाइन युनियनमध्ये नसूनही या व्यवस्थेत आहेत. स्वित्झर्लंड नाही. तिथल्या कंपन्यांशी वेगळा करार करावा लागतो, तो महाग पडतो, म्हणून स्वस्त ‘युरोप’ प्लॅनमधून नेमका हाच देश गळतो. शेजारचं चिमुकलं लिक्टेनश्टाइन यादीत आणि आपले लोक ज्यासाठी युरोपला जातात तो देश बाहेर! प्रवाशाची फसगत होते, कारण व्हिसा तोच असतो. स्वित्झर्लंड 2008 पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे आपल्याला सगळा एकच मुलूख वाटतो. ब्रिटन, तुर्कस्तान, सर्बिया, बोस्निया, अल्बानिया यांच्याबाबतही हीच खबरदारी घ्या. ‘30 पेक्षा जास्त देश’ या आकड्याला काही अर्थ नाही. आपल्याला जायचंय त्या देशाचं नाव यादीत डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

आता फोनबद्दल. सगळ्या फोनमध्ये ई-सिम चालत नाही. आयफोनमध्ये ही सोय 2018 च्या एक्सएस आणि एक्सआरपासून आली. भारतात मिळणाऱ्या बऱ्याच मध्यम किमतीच्या अँड्रॉइड फोनमध्ये ती अजूनही नाही. डायल पॅडवर *#06# दाबा. आयएमईआयबरोबर ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर सोय आहे. नातेवाइकांनी बाहेरून आणून दिलेला फोन असेल तर तो तिथल्या एखाद्या कंपनीला बांधलेला नाही ना, तेही बघा.

सिम घरीच, घरच्या वाय-फायवर फोनमध्ये घालून घ्या. क्यूआर कोड कागदावर छापा, कारण ज्या फोनमध्ये तो आलाय त्याच फोनने तो स्कॅन करताना तारांबळ होते. पण त्याआधी विक्रेत्याला विचारा की मुदत कधी सुरू होते, सिम घातल्यापासून की तिथल्या नेटवर्कला जोडल्यापासून. पहिला प्रकार असेल तर निघायच्या आदल्या दिवसापर्यंत थांबा. आणि काही बिनसलं म्हणून रागाने ते सिम फोनमधून पुसू नका. बहुतेक कोड एकदाच चालतात.

सेटिंगमध्ये लोक हमखास अडखळतात ते डेटा रोमिंगपाशी. रोमिंग म्हटलं की आपल्याला बिलाची धडकी भरते आणि आपण ते सगळीकडे बंद करून टाकतो. मग ई-सिम चालतच नाही. प्रवासाचं ई-सिम बहुधा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं, त्यामुळे ते जाईल तिथे रोमिंगवरच असतं. तेव्हा ई-सिमचं डेटा रोमिंग चालू, भारतीय सिमचं बंद. एका सिमचं नेट गेलं की आपोआप दुसऱ्याचं घ्यायची जी सोय असते, ती आठवणीने बंद करा, नाहीतर भारतीय सिमवर नकळत बिल चढत राहील. भारतीय सिम काढून मात्र ठेवू नका, बँकेचे ओटीपी त्याच्यावरच येतात. व्हॉट्सॲपने नंबर बदलायचा का विचारलं तर नाही म्हणा.

कंपनी तिसऱ्या देशातली असल्याने आणखी एक होतं. तुम्ही व्हिएन्नात असता, पण नेटला तुम्ही भलत्याच देशात दिसता. मग आपली एखादी बँक ॲप उघडू देत नाही. पैशांची मोठी कामं निघण्याआधी उरकून घ्या.

‘अनलिमिटेड’ असं लिहिलेलं असलं तर रोज किती जीबीनंतर वेग कमी करतात आणि हॉटस्पॉट देता येतो का, हे दोन्ही विचारा. कुटुंबात एकच ई-सिम घेऊन सगळ्यांनी वापरायचा बेत असेल तर हॉटस्पॉटवर सगळं अवलंबून आहे. आपल्या भारतीय कंपनीचा रोमिंग पॅकही एकदा तुलना करून बघा. महाग असेल, पण त्यात फोनही लागतो, आणि मला त्या दिवशी तेवढाच हवा होता. नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या, तिकिटं आणि हॉटेलचे पत्ते छापून ठेवा. वयस्कर माणसांच्या खिशात मुलांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी द्या. भेटायची जागा आणि वेळ नेटच्या भरवशावर सोडू नका.

विक्रेता कोण आहे, हेही बघा. भारतात परदेशी सिम विकायला दूरसंचार विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. जानेवारी 2024 मध्ये विभागाने ते नसलेल्या दोन बड्या परदेशी ई-सिम कंपन्यांच्या वेबसाइट इथे बंद करायला लावल्या होत्या. म्हणून प्रमाणपत्र आहे का, हे सरळ विचारा. चिडला तर चिडू द्या. आमचा विक्रेता पैसे भरेपर्यंत मिनिटामिनिटाला उत्तर देत होता.

पैसे शक्यतो क्रेडिट कार्डाने भरा, म्हणजे बँकेकडे तक्रार करायची वाट राहते. मी त्याच्या खात्यात थेट पाठवले होते, कारण त्याने तसंच मागितलं होतं. पैसे परत मिळाले नाहीत. पुढच्या खरेदीवर सवलत देऊ असं म्हणाला, ती मी नाकारली.

आणि विचारताना मोघम विचारू नका. मेसेज असा पाठवा: "आम्ही या तारखांना या देशांत असू. यातल्या प्रत्येक देशात हे सिम कोणत्या कंपनीच्या नेटवर्कवर चालेल, ते देशाच्या नावासमोर लिहून पाठवा. एखाद्या देशात चाललं नाही तर पूर्ण पैसे परत मिळतील का, तेही लिहा." एवढं लिहून द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडून घेऊ नका.