बौद्ध ध्यान आणि सत्त्वावजय चिकित्सा : उपयोग व मर्यादा

ध्यानाने मेंदूत बदल होतो, असे वृत्तपत्रांत वाचून अनेक रुग्ण वैद्यांकडे येतात. ‘मग मनाच्या गोळ्या बंद करू का?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी शास्त्र व संशोधन नेमके काय सांगते, ते पाहणे आवश्यक आहे.

तात्त्विक विचार : चरकमते मन अचेतन असून आत्म्याच्या संयोगाने क्रियाशील होते. बौद्ध मतात नित्य आत्मा नाही. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार व विज्ञान या पंचस्कंधांचा प्रवाह तेवढा आहे आणि त्यांतील ‘विज्ञान’ म्हणजे क्षणोक्षणी उपजणारी व विलय पावणारी जाणीव. हा भेद मूलभूत आहे. साधनेत मात्र साम्य दिसते. पाली ‘सति’ म्हणजेच संस्कृत ‘स्मृती’. आणि धी, धृती व स्मृती यांच्या भ्रंशातून प्रज्ञापराध घडतो, हे आपण जाणतोच. म्हणून स्मृतीचा अभ्यास, अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह करणाऱ्या सत्त्वावजय चिकित्सेशी सुसंगत ठरतो.

संशोधन : २००४ साली अमेरिकेत लुट्झ, डेव्हिडसन प्रभृतींनी ८ दीर्घकालीन बौद्ध साधकांच्या मेंदूलहरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. करुणाध्यानात त्यांच्या गॅमा लहरी नवशिक्यांपेक्षा पुष्कळ प्रबळ आढळल्या. परंतु हा ध्यानाचा परिणाम की मूळचीच प्रकृती, हे त्यावरून ठरत नाही. आत्मा नित्य की जाणीव क्षणिक, हा वादही लहरींच्या आलेखाने मिटत नाही.

चिकित्सेच्या दृष्टीने २००० सालचा टीसडेल प्रभृतींचा अभ्यास अधिक महत्त्वाचा. नैराश्य तीन वा अधिक वेळा येऊन गेलेल्या, पण त्या वेळी बऱ्या असलेल्या रुग्णांना ८ आठवडे स्मृतिध्यान शिकविले. त्यांच्यात व्याधीचा पुनरुद्भव ३७ टक्के, तर केवळ नेहमीच्या उपचारांवरील रुग्णांत ६६ टक्के आढळला. दोनच वेळा नैराश्य आलेल्यांना मात्र लाभ दिसला नाही. २०१५ साली ब्रिटनमधील ४२४ रुग्णांच्या अभ्यासात ध्यान शिकवून गोळ्या क्रमशः व डॉक्टरांच्या साहाय्याने कमी केल्या. दोन वर्षांत पुनरुद्भव ४४ टक्के, तर गोळ्या चालू ठेवलेल्यांत ४७ टक्के, म्हणजे जवळपास समानच राहिला.

येथे ‘क्रमशः’ हा शब्द कळीचा आहे. काही वर्षांपूर्वी एका रुग्णास मी ध्यान सुचविले. गोळ्या चालू ठेवा, हे स्पष्ट बजावले नाही. त्याने त्या परस्पर सोडल्या आणि दोन महिन्यांत नैराश्य बळावले. ती चूक माझीच होती.

वैद्यबंधूंनी ध्यान सुचविताना पूर्वीचे मानसविकार व चालू औषधे यांची नोंद अवश्य घ्यावी. उन्माद, भास वा आत्मघाताचे विचार असल्यास रुग्णास प्रथम मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. इगतपुरीच्या विपश्यना परंपरेतही गंभीर मनोरुग्णांना १० दिवसांच्या शिबिराची शिफारस केली जात नाही. औषधालयचालकांनीही, नियमित गोळ्या नेणारा रुग्ण अचानक थांबल्यास, आपुलकीने विचारपूस करावी. ध्यानाने चिकित्सेला बळ द्यावे. चालू चिकित्सा तोडण्याचे ते निमित्त होऊ नये.