घाम वाळला तरच अंग निवते



पाड्यांवर आरोग्यवर्ग घेताना मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. नंदुरबारकडे पारा ४२ अंशांवर जातो, डहाणूकडे ३५ च्या आसपास असतो. तरी डहाणूकडे जीव इतका कासावीस का होतो?

देवाने अंग थंड ठेवण्याची सोय घामात केली आहे. पण नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. समुद्राकाठची हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. तिथे घाम नुसता निथळतो. पाणी आणि मीठ जाते, उष्णता आतच राहते. ३२ अंश तापमानात आर्द्रता ४० टक्के असेल, तर सावलीत सुमारे ३३ अंश जाणवतात. तीच ७० टक्के झाली की सुमारे ४१! म्हणूनच हवामान खाते मैदानी भागात ४० अंशांपासून, तर किनाऱ्यावर ३७ पासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करते.

२ राजे ४:१८-२० वाचा. शूनेमकरिणीचा मुलगा कापणीच्या वेळी शेतात गेला, डोके धरून विव्हळला आणि दुपारी आईच्या मांडीवर मरण पावला. वचन कारण सांगत नाही, पण त्याला ऊन लागले असावे असे पुष्कळ अभ्यासक मानतात. जव्हार-मोखाड्याची वारली, कातकरी कुटुंबे आजही लेकरांसह वीटभट्ट्यांवर अशाच उन्हात राबतात.

एवढे लक्षात ठेवा व इतरांना शिकवा :

१. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्या.

२. घाम फार गेल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा) घालून ते द्या.

३. चक्कर, मळमळ, पायात गोळे आले की काम थांबवून सावलीत बसा.

४. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

आपल्यापैकी ज्यांच्या हाताखाली मजूर आहेत, त्यांना माझी विनंती : दुपारी १२ ते ३ काम बंद ठेवा, सावली व पाणी द्या, आणि त्या वेळेची मजुरी कापू नका. मंडळ्यांनीही मे महिन्यातील सभा सकाळी किंवा सायंकाळी घ्याव्यात.

भट्टीवरील लेकरांसाठी प्रार्थना करीत राहा.