वात सरत नाही, सुयांचा उपयोग होईल का?

प्रश्न : वडिलांच्या मोठ्या आतड्यातील कर्करोगाची गाठ दुर्बिणीतून काढली. आज तिसरा दिवस. वात सरलेला नाही, पोट गच्च वाटते. इलेक्ट्रो-अ‍ॅक्युपंक्चर करावे का?

उत्तर : आतड्याला हात लागला की त्याची हालचाल काही दिवस मंदावतेच, भूल आणि मॉर्फिनसारखी वेदनाशामके त्यात भर घालतात. इलेक्ट्रो-अ‍ॅक्युपंक्चरमध्ये गुडघ्याखाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला आणि इतर काही जागी बारीक सुया टोचून सौम्य वीजप्रवाह सोडतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, चीनमधील २४८ रुग्णांच्या चाचणीत पहिले शौच साधारण ७६ तासांनी झाले. ज्यांच्यावर उपचाराचा नुसता देखावा केला, त्यांना ९० तास लागले. आतडे जास्त काळ सुस्त राहण्याचे प्रमाणही २० ऐवजी १० टक्केच होते. म्हणजे गुण येतो. पण उपचार पूरकच. वडिलांना धरून रोज चालवा, ते अधिक महत्त्वाचे. पेसमेकर किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर आधीच सांगा. उलट्या, ताप किंवा वाढती पोटफुगी दिसली, तर सुया राहू द्या. आतड्याचा जोड गळत असू शकतो, तातडीने सर्जनना बोलवा.