कडी लावू नकोस, आई

आई पडली ती मी हौसेने बसवून घेतलेल्या फरशीवर.

सांगलीच्या गावभागातलं आमचं घर जुनं. न्हाणीघरात शहाबादी होती, काळपट, खरखरीत. २०१९च्या महापुरात आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि आमच्या खालच्या मजल्यात छातीभर पाणी शिरलं. गाळ काढताना मला वाटलं, आता सगळं नवंच करू. मी न्हाणीघरात पांढरीशुभ्र, तोंड दिसेल अशी व्हिट्रीफाइड फरशी घातली. २०२१च्या जानेवारीत तिच्यावर साबणाचं पाणी होतं आणि आईचा खुबा मोडला. तेव्हा ती ७९ वर्षांची होती. आज ८३ची आहे, त्याच घरात एकटी राहते, आणि पुण्याला यायचं नाव काढलं की विषय बदलते. मी महिन्यातून दोनदा जाते. घर तिच्यासाठी धड करायच्या नादात मी केलेल्यातलं निम्मं वाया गेलं. उरलेलं लिहून ठेवते.

१. कडी.

फरशीपेक्षाही वाईट होती ती कडी. आईने आतून कडी लावलेली, दार आत उघडणारं आणि ती दाराला टेकून पडलेली. म्हणजे कडी तोडली असती तरी दार तिच्याच अंगावर ढकलावं लागलं असतं. कामाच्या मावशींनी हाक ऐकली तेव्हा ती पाऊण तास थंड फरशीवर पडून होती. शेवटी शेजारच्या मुलाने खिडकीच्या काचेच्या पट्ट्या एकेक करून काढल्या आणि तो आत उतरला.

दवाखान्यातून घरी आणायच्या आधी मी पहिलं काम केलं ते दार फिरवण्याचं. आता ते बाहेर उघडतं. सुताराने बिजागऱ्या बदलल्या, चौकटीत थोडी तासातास केली, एका दिवसात झालं. कडीच्या जागी बाहेरून नाण्याने फिरवता येणारी खिट्टी बसवली. आईला तीही नको होती. "दार उघडं ठेवून अंघोळ करू होय मी?" मी म्हटलं, घरात तू एकटीच तर असतेस. त्यावर ती जे बोलली त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं: "म्हणून काय झालं?" मग तिनेच तोड काढली. ती आत गेली की दाराबाहेरच्या खिळ्यावर लाल पंचा टांगते. पंचा दिसला की मावशी दाराकडे फिरकत नाहीत. फार वेळ दिसला तर हाक मारतात.

२. टॉवेलचा दांडा म्हणजे आधार नव्हे.

आई कमोडवरून उठताना टॉवेलच्या दांड्याला धरायची, हे मला ती पडल्यावर कळलं. तो दांडा दोन बारीक स्क्रूंवर होता. आता पोलादी दांडे आहेत, पकडीला जरा खरबरीत. पण दुकानातून दांडा आणणं सोपं, तो कुठे लावायचा हेच अवघड. माहितीपत्रकात ३३ ते ३६ इंच उंची असते. आमची आई चार फूट दहा इंच. मी तिला कमोडवर बसवलं, "ऊठ" म्हटलं, आणि तिचा हात भिंतीवर आपोआप जिथे गेला तिथे खडूने खूण केली. ती निघाली २९ इंचांवर. मिस्त्री म्हणाले, फार खाली दिसेल. दिसू दे म्हटलं.

जुन्या घराच्या भिंतीचा गिलावा पोकळ असतो, नुसत्या गिलाव्यात बसवलेला दांडा भार पडला की खपलीसकट हातात येतो. मिस्त्रींनी गिलावा ठोकून पाहिला, पोकळ वाजला तो भाग काढला, विटेत लांब बोल्ट घातले. सिमेंट सुकल्यावर म्हणाले, "ताई, आता लटकून बघा." माझं वजन ६८ किलो. मी दोन्ही पाय उचलून लटकले. आई दारात उभी राहून हसत होती.

फरशी उखडून मॅट टाइल घातली, हे सांगायला नकोच. पाटावर बसून अंघोळ करायची सवय होती, तिथे पायांना रबरी बूट असलेली खुर्ची आली. त्याच सुमारास कोणीतरी गॅस गीझर सुचवला, पाणी लगेच तापतं म्हणून. आमच्या न्हाणीघराला एकच खिडकी, तीही थंडीत बंद. अशा जागी गॅस गीझरमधून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना रंग ना वास. विजेचाच ठेवला, आणि बोर्डात गळती झाली की वीज तोडणारं आरसीसीबी बसवलं.

३. रात्रीचं मूळ कधीकधी गोळीच्या डबीत असतं.

आई रात्री तीनदा उठायची. मी पलंगाखाली हालचालीवर लागणारे, चार्जिंगचे दिवे लावले, पावसाळ्यात वीज जाते म्हणून. ते बरेच झाले. साठीनंतर डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो म्हणतात. पण ती का उठते, हे मी विचारलंच नव्हतं. बीपीसाठीची पाण्याची गोळी ती रात्रीच्या जेवणानंतर घेत होती, कारण सकाळच्या गोळ्या आधीच फार झाल्यात असं तिला वाटे. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी ती सकाळी घ्यायला सांगितली. आता एकदाच उठते. (स्वतःच्या मनाने गोळीची वेळ हलवू नका, विचारा.) उठल्यावर पलंगाच्या कडेला बसून ती रामरक्षेचे चार श्लोक म्हणते आणि मगच पाय टेकते. झटकन उभं राहिलं की बीपी उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, हे मी तिला दहा वेळा समजावलं होतं. ऐकलं नाही. रामरक्षेचं मात्र लगेच पटलं.

४. उंबरा.

तो काढायचाच असं मी ठरवून गेले होते. सुतार दारात, हत्यारं पिशवीतून बाहेर. आई म्हणाली, "याच उंबऱ्यावरचं माप ओलांडून मी या घरात आले." सुतार चहा पिऊन परत गेला. उंबरा आहे तिथे आहे. त्याच्या कडेला पिवळ्या ऑइलपेंटची दोन बोटं रुंद पट्टी ओढली आणि चौकटीला एक उभी मूठ बसवली. आता ती मूठ धरूनच ओलांडते. पायपुसणी तेवढी सगळी फेकली. तिच्या नकळत.

५. समई आणि शेगडी.

पदर पेटण्याची भीती मला कायमची. समईऐवजी विजेचा दिवा आणला, तो आजही खोक्यात आहे. समई जमिनीवरून उचलून कडप्प्याच्या कट्ट्यावर ठेवली, आईला वाकावं लागत नाही आणि पदर खाली लोंबत नाही. शेगडी नवी घेतली, ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होणारी. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. आमची किती जुनी होती ते सांगायलाही लाज वाटते. गळतीसाठीचा १९०६, रुग्णवाहिकेचा १०८ आणि माझा नंबर मोठ्या अक्षरात फ्रिजवर चिकटवले आहेत. दुसरी प्रत आईच्या पलंगाजवळ, जमिनीपासून वीतभरावर. पडलेल्या माणसाला फ्रिजचं दार दिसत नाही.

६. वर की खाली?

याचं नीट उत्तर मला आजही मिळालेलं नाही. महापुरानंतर आई वरच्या मजल्यावर झोपायला लागली होती, पुराच्या धास्तीने. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर अठरा पायऱ्यांचा अरुंद जिना बंद झाला आणि तिला खाली आणावं लागलं. म्हणजे जिन्यावरून सोडवली आणि पाण्यात ठेवली. त्याच वर्षी जुलैत कृष्णा पुन्हा चढली. वॉकर घेतलेल्या आईला आम्ही विश्रामबागेत मावसभावाकडे हलवलं ते अगदी शेवटच्या क्षणी, गुडघाभर पाण्यातून, खुर्चीत बसवून. तेव्हापासून नियम केलाय. आयर्विनपाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. आम्ही ३५लाच निघतो. पिशवी जूनपासून भरलेली असते: महिन्याच्या गोळ्या, कागदपत्रं, चष्मा, वॉकरचे जादा रबरी बूट. आई म्हणते, तुझी ही पिशवी बघूनच नदी चढते.

७. घड्याळापेक्षा दुधाची पिशवी बरी.

पडल्यावर फोन करणारं मनगटी घड्याळ मी घेतलं होतं. चार दिवस वापरलं, मग ते कपाटात. "हातकडी" म्हणायची त्याला. कॅमेऱ्याचं नाव काढल्यावर तर दोन दिवस बोलली नाही, आणि आता मला ते बरोबरच वाटतं. जे चाललं ते असं: सकाळी सातपर्यंत दाराची दुधाची पिशवी आत गेली नसेल तर समोरच्या वहिनी बेल वाजवतात. जादा किल्ली त्यांच्याकडे असते. त्याबदल्यात आई त्यांच्या नातवाचे श्लोक पाठ करून घेते. त्यामुळे कोणी आपल्यावर पहारा ठेवतंय असं तिला वाटत नाही. माझी सकाळही आता वहिनींच्या "नेलं दूध" या दोन शब्दांच्या मेसेजवर सुरू होते.

परवा गेले तेव्हा मी न्हाणीघरातून बाहेर आले, पाय पुसायला पायपुसणं शोधत. पायपुसणं मीच फेकलेलं. आई खुर्चीत बसून बघत होती. म्हणाली, "तुझ्या पुण्याच्या न्हाणीघरात फरशी कुठली गं?"

पांढरी. दोन्ही एकाच दुकानातून घेतल्या होत्या.