लेकरांच्या चालीने

(पालकवर्ग व शब्बाथशाळेचे शिक्षक यांच्यासाठी पाठ. वाचन : उत्पत्ती ३३:१२–१४)

एसाव याकोबाला म्हणतो की, चल, आपण बरोबर निघू. याकोब नम्रपणे नकार देतो. मुले कोवळी आहेत, तेव्हा त्यांच्या पावलाने आपण सावकाश येऊ, असे तो सांगतो. या उत्तरात याकोबाची थोडी चतुराईही आहे, हे आम्हांस मान्य आहे; पण मुलांच्या चालीचा विचार त्यात आहे, आणि आजच्या पाठाला तेवढा पुरे.

एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या मातांचा विचार आपण करणार आहो. धार व देवास येथील मराठी घरांचे उदाहरण घ्या. पवारांच्या राज्यांमुळे माळव्यात मराठी कुटुंबे आली व पिढ्यान्‌पिढ्या तेथलीच झाली. घरात मराठी, दारात हिंदी आणि माळवी. दोन वर्षांचे मूल अंगणातून येते, पेल्याकडे बोट दाखवून म्हणते, “म्हारो!” आई लगेच म्हणते, “म्हारो नाही, माझा म्हण. म्हण बघू, माझा!” मूल गप्प होते. त्याला तहान लागली होती. आईचा हेतू चांगलाच आहे. घरची भाषा जाईल ही तिची धास्ती खोटी नाही. परंतु पाणी देता देता ती “हो, हा तुझा पेला” एवढेच म्हणाली असती, तर मुलाला पाणीही मिळाले असते आणि मराठीही.

असेच जेवताना होते. मुलाने तोंड फिरवले तरी घास कोंबला जातो. ते वाटीवर वाटी रचू लागले, की आपलाच हात पुढे होतो, “अशी नाही, अशी ठेव.” मारणे नाही, रागावणे नाही, सर्व काही प्रेमापोटी, पण मुलाचे काम त्याच्या हातून काढून घेतले जाते. दिवसातून पन्नास वेळा असे झाले, तर ते मूल स्वतः होऊन काही करू पाहण्याचे सोडून देते, नाही तर हट्टाला पेटते.

कॅनडात वाढलेल्या मेरी एन्सवर्थ या बाईंनी १९५४–५५ साली युगांडातील मातांचे घरी जाऊन निरीक्षण केले. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे २६ कुटुंबांत, बाळाच्या पहिल्या वर्षी, दर तीन आठवड्यांनी सुमारे चार चार तास बसून त्यांनी नोंदी घेतल्या. मुलाची खूण आईच्या ध्यानात येते काय, तिचा अर्थ तिला लागतो काय, आणि ती वेळेवर व योग्य तो प्रतिसाद देते काय, हे त्या पाहत. मुलाच्या चाललेल्या उद्योगाला आई साथ देते की त्यात ढवळाढवळ करते, याची मोजणी त्यांनी निराळी ठेवली होती.

आता प्रश्न असा की, हे आईला सांगावे कोणी व कसे? येथे आपण शिक्षक मंडळी फार चुकतो. आईने मुलाच्या हातातून वाटी घेऊ नये हे शिकवताना आपण आईच्या हातातून मूल काढून घेतो! सासूबाई सांगतात, नणंद सांगते, शेजारीण सांगते. त्यांत आपली भर. जिच्याकडे सारे जण डोळे लावून बसले आहेत, ती मुलाकडे शांतपणे कशी पाहील? म्हणून प्रथम तिची झोप होते काय, कामाला हातभार कोण लावते, मन उदास राहते काय, हे विचारावे. उदासी आठवडेच्या आठवडे टिकली असेल तर तिला डॉक्टरांकडे जाण्यास सोबत करावी. उपदेशाने ते दुखणे जात नाही.

ताराबाई मोडक यांची आठवण येथे उपयोगी आहे. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या या बाईंचे बालपण देवासच्या शेजारी, इंदुरात गेले. १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या, आणि १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे काम उभारले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा विचार तेथे रुजला. अंगणवाडी हा शब्द त्यातलाच. आपणही आईला वर्गात बोलावण्यापेक्षा तिच्या ओसरीवर जाऊन बसावे.

बसून काय करावे? हॉलंडमधील लायडेन येथील अभ्यासकांची एक रीत आम्हांस फार आवडते. मूल व आई खेळत असताना त्यांचे थोडे चित्रीकरण करतात आणि जुळून आलेले क्षण आईला दाखवतात. शिवाय मुलाच्या वतीने बोलतात. “ताई, तुम्ही थांबा” असे न म्हणता, “आई, हे झाकण मीच लावतो हं!” असे बाळाच्या तोंडचे बोलणे आपण बोलायचे. आईला हसू येते, आणि हात आपोआप मागे राहतो. चित्रीकरण आता मोबाइलवरही होईल, मात्र आईची संमती हवी व ते दुसऱ्या कोणास दाखवू नये.

चूल, विहीर, रस्ता, विळी येथे थांबून पाहत बसू नये. मूल तत्काळ उचलावे. ते रडेल, तर जवळ घ्यावे. मोकळीक म्हणजे दुर्लक्ष, असा अर्थ काही तरुण आईबाप करतात, तोही बरोबर नाही.

वर्गासाठी काम : प्रत्येक आईने या आठवड्यात रोज पाच मिनिटे मुलाजवळ जमिनीवर बसावे. काही शिकवू नये, प्रश्न विचारू नये. मूल जे करील ते पाहावे आणि ते आपल्याकडे वळले तरच बोलावे. पुढच्या वेळी शिक्षकांनी तिला एवढेच विचारावे, “काय दिसले?”